राणी मार्गोचा विवाह आणि आमच्या सोयरिकी

ख्रिस्तसभेला कमीपणा आणणारे चित्रपट श्रद्धावंतांनी पाहू नयेत, असे सांगणारी मंडळी आमच्यात पुष्कळ आहेत. फ्रेंच दिग्दर्शक पात्रीस शेरो यांचा १९९४ सालचा 'ला रेन मार्गो', म्हणजे 'राणी मार्गो', हा चित्रपट अशा मंडळींच्या यादीत सहज बसेल. आमचे मत नेमके उलट आहे. रक्तपात आणि उघडी शृंगारदृश्ये यांमुळे तो मुलाबाळांसमोर लावण्याजोगा नाही, हे मान्य. परंतु ज्यांच्या घरी लग्नाची मुलेमुली आहेत, अशा आईबापांनी तो अवश्य पाहावा. त्याचा विषय कत्तल असला, तरी त्याची सुरुवात एका लग्नाने होते. आणि त्या लग्नात जी चूक झाली, तीच आम्ही नेवाशाच्या परिसरात आजही लहान प्रमाणावर करीत आहोत.

इतिहास थोडक्यात असा. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात दहा वर्षे यादवी चालली होती. ती मिटावी म्हणून राजमाता कॅथरीन द मेदिची हिने आपली कन्या मार्गारेट हिचा विवाह प्रॉटेस्टंट पक्षाचा पुढारी, नावारचा राजा हेन्री याच्याशी ठरवला. १८ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरासमोर उभारलेल्या चौथऱ्यावर विवाहविधी झाला. मिस्सेसाठी वधू आत गेली, वर बाहेरच राहिला. चित्रपटात वधू होकार देत नाही, तेव्हा तिचा भाऊ राजा चार्ल्स नववा मागून तिचे डोके पुढे ढकलतो आणि तोच होकार मानला जातो. हा प्रसंग जुन्या आख्यायिकेतला आहे. पण त्या विवाहाचे वर्म त्यात उतरले आहे. सहाव्या दिवशी, २४ ऑगस्टला, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या पहाटे लग्नासाठी आलेल्या प्रॉटेस्टंट पाहुण्यांची कत्तल सुरू झाली. पॅरिसमध्ये आणि नंतर प्रांतोप्रांती हजारो माणसे मारली गेली.

चित्रपटाने इतिहासाशी स्वैरपणा केला आहे, यात शंका नाही. त्याचा आधार अलेक्झांडर द्युमा यांची १८४५ सालची कादंबरी. त्यामुळे राजमाता येथे निव्वळ विषकन्या ठरते, आणि बहुधा क्षयाने मेलेला चार्ल्स राजा विषारी पुस्तकाने मरतो. पण या चुका दाखवून आम्ही सुटू शकत नाही. कत्तलीची वार्ता रोमला पोहोचली तेव्हा पोप ग्रेगरी तेरावे यांनी उपकारस्तुती गाण्यास सांगितले, स्मरणपदक पाडविले आणि वासारी या चित्रकाराकडून व्हॅटिकनच्या दालनात भित्तिचित्रे काढवून घेतली. वार्ता राजाविरुद्धचा कट उधळल्याची म्हणून आली होती, हे खरे. तरी पदक पडले तेही खरेच. २३ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये जमलेल्या लाखो तरुणांपुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतःच या कत्तलीचा दुःखाने उल्लेख केला. जे पोपमहोदयांनी झाकले नाही, ते आम्ही कोणासाठी झाकावे?

शिवाय त्या रात्री कॅथलिक श्रद्धा खरोखर कोणी पाळली? जखमी प्रॉटेस्टंट सरदार जीव वाचवण्यासाठी मार्गारेटच्या शयनगृहात शिरला आणि तिने त्याला आश्रय दिला. हे चित्रपटात आहे, आणि असा प्रसंग राणीने आपल्या आठवणींतही नोंदवला आहे. तलवार उपसणाऱ्यांच्या टोपीवर पांढरा क्रूस होता. क्रूसाचा अर्थ मात्र तिला कळला.

राजकन्येला तहाचा कागद करण्याची ही रीत आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही लागली आहे. १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालची कॅथलिक राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या चार्ल्स दुसऱ्याला दिली गेली आणि तिच्याबरोबर मुंबई आंदण गेली. मुंबईकर कॅथलिकांना उपासनास्वातंत्र्याची हमी त्या तहात होती. पण राणीची हमी कोणी घेतली? तिचा विवाह आधी गुप्तपणे कॅथलिक विधीने आणि मग उघडपणे अँग्लिकन विधीने लावावा लागला. १६७८ साली तर तिच्यावर राजाला विष घालण्याच्या कटाचा खोटा आळ घेण्यात आला. मुंबई १६६८ साली कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली. बेटांचा हिशेब लागला, वधूच्या मनाचा कोणी ठेवला नाही.

आता राजवाड्यातून आपल्या वस्तीत येऊ. नेवाशाच्या पंचक्रोशीत कॅथलिक घरे आहेत, तशीच मराठी मिशनची परंपरा सांगणारी प्रॉटेस्टंट घरेही आहेत. याच तालुक्यातील वडाळा हे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे नावाजलेले ठाणे होते. आडनावे तीच, गोत तेच, सोयरिकीही होणारच. परंतु अशी सोयरीक ठरली की आम्ही काय करतो? मुलगी तिकडे गेली तर 'गेली' म्हणून तिचे नाव टाकतो. तिकडची आली तर 'आपल्यात आली' म्हणून मिरवतो. नवऱ्याची मंडळी तीच बायकोची, असे दोन्हीकडचे वडीलधारे ठरवून टाकतात. मुलीला विचारले जात नाही. तिची मान खाली असते आणि तीच संमती धरली जाते. काही ठिकाणी तर आधीच ख्रिस्तात बाप्तिस्मा झालेल्या सुनेचा पुन्हा बाप्तिस्मा व्हावा, असा हट्ट धरला जातो.

हा हट्ट कॅथलिक नव्हे. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ख्रिस्तसभा वैध मानते आणि तो पुन्हा देण्यास मनाई करते. संमिश्र विवाहासाठी महागुरुस्वामींची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन कॅथलिक पक्षाने द्यायचे असते. पोप सहावे पॉल यांच्या १९७० सालच्या आदेशापासून दुसऱ्या पक्षाकडून तसे वचन मागितले जात नाही. त्याला या वचनाची कल्पना द्यावी, एवढेच सांगितले आहे. आणि विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने; ती संमती दुसरे कोणी देऊ शकत नाही. हा विचार आजकालचा नाही. विवाहाच्या बाबतीत सत्ताधीशांनी कोणावर जबरदस्ती करू नये, असे ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली, म्हणजे मार्गारेटच्या विवाहाच्या नऊ वर्षे आधी बजावले होते. पॅरिसच्या दरबाराने तिकडे कानाडोळा केला, आणि १५९९ साली तो विवाह अवैध ठरला.

कोणी म्हणेल, मग घरातल्या श्रद्धेच्या भेदाचे करायचे काय? उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरला परतल्या त्या आपले सोवळे सांभाळीत. टिळकांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्त स्वीकारला. फ्रान्सच्या राजवाड्याला जे साधले नाही, ते एका गरीब कवीच्या घराला साधले, कारण तेथे पत्नी हा कोणाचा विजय नव्हता.

नेवाशाला प्रवरेच्या काठी पैसाचा खांब आहे. १२९० साली ज्ञानेश्वरांनी तेथे ग्रंथ पुरा केला आणि अखेरीस देवाकडे दान मागितले, ते अवघ्या विश्वासाठी. त्या गावात राहून आम्ही सोयरिकीचे मांडव 'आपले' आणि 'त्यांचे' अशी मोजणी करण्यासाठी घालावेत, हे शोभत नाही. यापुढे घरात संमिश्र सोयरीक निघाली, तर फादरांकडे जाण्यापूर्वी मुलीला समोर बसवावे, तिची मान वर असू द्यावी आणि तिला विचारावे. ती जे सांगेल ते ऐकण्याची तयारी नसेल, तर तो मांडव घालूच नये.