विश्लेषण : वृद्ध आई-वडिलांचे वीजबिल अचानक तिप्पट! दाद कुठे आणि कशी मागायची?

दोन दिवे, एक पंखा, एक जुना फ्रिज आणि संध्याकाळी दोन तास टीव्ही. एवढ्याच वापरावर गावाकडच्या घरात राहणाऱ्या वृद्ध दाम्पत्याला दरमहा पाच-सहाशे रुपयांचे बिल येत असते आणि एखाद्या महिन्यात ते थेट काही हजारांवर जाते. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. वीज कापली जाईल या धास्तीने आजोबा पेन्शनमधून किंवा ठेव मोडून बिल भरून टाकतात आणि मग मुलांना सांगतात. नेमके इथेच चुकते. कायद्याने अशा ग्राहकाला तक्रार चालू असेपर्यंत वीजपुरवठा टिकवण्याचा मार्ग दिला आहे. मात्र तो वापरायचा तर मुदत, लेखी अर्ज आणि मीटरवरचा आकडा या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

बिल अचानक का फुगते?

सर्वात नेहमीचे कारण म्हणजे रीडिंग न घेणे. घर बंद होते, मीटर आतल्या खोलीत आहे किंवा रीडिंग घेणारा आलाच नाही, तर सरासरी युनिटचे बिल येते. काही महिन्यांनी प्रत्यक्ष रीडिंग घेतले की साठलेला फरक एकदम अंगावर येतो. दुसरे कारण आकडा चुकीचा टिपला जाणे. तिसरे, इमारतीच्या मीटर खोलीत दोन घरांच्या मीटरची अदलाबदल होणे. वायर एका घराची, बिल दुसऱ्याच्या नावे. चौथे, मीटर सदोष असणे. पाचवे, घरगुतीऐवजी व्यावसायिक दर लागणे. आणि सहावे कारण म्हणजे खरोखरच वाढलेला वापर. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. महिनाभर रोज तासभर चालल्यास तो एकटाच ६० युनिट खातो. थर्मोस्टॅट बिघडलेला गिझर, वायरिंगमधील गळती, बोअरच्या मोटारीचा दोष यांतूनही युनिट वाढतात. त्यामुळे तक्रारीआधी कारण शोधणे गरजेचे ठरते.

बिलावर आधी काय पाहायचे?

एकूण रकमेकडे नंतर पाहावे. आधी ‘चालू रीडिंग’ आणि ‘मागील रीडिंग’ हे दोन रकाने पाहावेत. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक’, ‘फॉल्टी’ किंवा ‘इनअ‍ॅक्सेस’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर ते बिल प्रत्यक्ष वापराचे नाही. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असल्यास त्यातील आकडा जुळतो का, बिलावरील मीटर क्रमांक आणि घरच्या मीटरवरील क्रमांक एकच आहे का, हे तपासावे. मागील १२ महिन्यांच्या वापराचा तक्ता आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्याचे युनिट पाहावेत. त्यानंतर ‘थकबाकी’ आणि ‘समायोजित रक्कम’ हे रकाने.

एप्रिल-मेमध्ये अनेकांचा गोंधळ होतो तो अतिरिक्त सुरक्षा ठेवीच्या बिलामुळे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते. वर्षभराचा वापर वाढला असेल तर फरकाची मागणी वेगळ्या बिलाने येते. ती वापराची रक्कम नसते, ग्राहकाच्या नावे जमा राहते आणि तिच्यावर व्याज मिळते. ‘दोन-दोन बिले आली’ ही ज्येष्ठांची तक्रार बऱ्याचदा यातून येते.

साठलेल्या युनिटचा फटका इतका का बसतो?

कारण घरगुती दर टप्प्यांचे, म्हणजे स्लॅबचे आहेत. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर पाहू. केवळ वीज आकार पहिल्या १०० युनिटला प्रतियुनिट ४.७१ रुपये, १०१ ते ३०० युनिटला १०.२९ रुपये आणि ३०१ ते ५०० युनिटला १४.५५ रुपये होता. एखाद्या घरात दरमहा ९० युनिट वापर असेल तर चार महिन्यांच्या ३६० युनिटचा वीज आकार सुमारे १,६९६ रुपये होतो. तेच ३६० युनिट एकाच महिन्याचे धरले तर तो ३,४०२ रुपये होतो. म्हणजे वीज तेवढीच, रक्कम दुप्पट. त्यावर घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क लागते, ते वेगळेच.

म्हणून अनेक महिन्यांचे युनिट एकत्र आले असतील, तर त्यांची महिन्यांनुसार विभागणी करून प्रत्येक महिन्याला स्लॅबचा लाभ दिला आहे का, आणि मधल्या काळात भरलेली सरासरी बिले वजा केली आहेत का, हे दोन प्रश्न लेखी विचारायला हवेत. २०२० च्या टाळेबंदीत हेच घडले होते. मार्चपासून रीडिंग थांबले, हिवाळ्यातील कमी वापराच्या सरासरीवर बिले गेली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर उन्हाळ्याचा फरक एकदम आला. राज्यभर ओरड झाली. तेव्हा स्लॅबनिहाय विभागणीचा खुलासा वीज कंपन्यांना करावा लागला आणि वाढीव बिलासाठी तीन हप्त्यांची सोय झाली.

घरच्या घरी मीटर कसा तपासावा?

घरातील मुख्य स्विच बंद करून मीटरवरील लाल दिव्याकडे पाच-दहा मिनिटे पाहावे. सगळे बंद असताना दिवा लुकलुकत राहिला, तर गळती, दुसऱ्याची जोडणी किंवा मीटरचा दोष यांपैकी काहीतरी आहे. घरातील मुख्य स्विच बंद केल्यावर शेजाऱ्याचे दिवे गेले, तर उलगडा तिथेच होतो. त्यानंतर आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरचा फोटो काढून ठेवावा. आठ दिवसांत १५ युनिट होत असतील आणि बिल ४०० युनिटचे असेल, तर यापेक्षा बोलका पुरावा नाही. वायरिंगला मात्र घरातल्या कोणी हात लावू नये. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे. मीटरचे सील तर कोणीही तोडू नये. तुटलेल्या सीलमुळे साधी बिलाची तक्रार वीजचोरीच्या प्रकरणात बदलू शकते.

तक्रार कुठे करायची?

पहिली तक्रार शाखा किंवा उपविभाग कार्यालयात. १९१२ या क्रमांकावर, मोबाइल अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावरही नोंद करता येते, पण कागदावरचा अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी. ‘बिल कमी करून द्या’ एवढेच लिहू नये. अर्जात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, वादग्रस्त महिना, बिलावरील आकडा, अर्जाच्या दिवशीचा मीटरवरील आकडा आणि नेमकी मागणी असावी : प्रत्यक्ष पाहणी, मीटर चाचणी, सुधारित बिल. मीटर चाचणीचे शुल्क भरावे लागते. मीटर सदोष निघाल्यास ते परत मिळते. चाचणी आपल्यासमोर करावी आणि अहवालाची प्रत द्यावी, असेही अर्जात लिहावे.

मीटर सदोष ठरल्यास आयोगाच्या विनियमांनुसार बिलाची दुरुस्ती वाद निर्माण झालेल्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. ही मर्यादा दोन्ही बाजूंनी लागू आहे. म्हणून सहा-आठ महिने ‘पाहू पुढच्या बिलात’ असे म्हणत थांबणे महागात पडते.

केंद्राच्या नियमांचा उपयोग काय?

वीज (ग्राहक हक्क) नियम, २०२० मध्ये तीन तरतुदी ज्येष्ठांच्या कामाच्या आहेत. एक, आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती म्हणजे अंदाजे बिले देता येत नाहीत. त्यापुढेही अंदाजेच बिल येत राहिले, तर अपवादात्मक आपत्ती वगळता, प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरण्यास नकार देऊ शकतो. दोन, फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास पाच दिवसांत पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवून किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा आहे. तीन, अर्ज स्वीकारणे, बिल भरून घेणे अशा सेवा ज्येष्ठ नागरिकांना त्यांच्या दारी द्यायच्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरील कार्यालयाच्या खेपा मारण्याआधी या नियमाचा उल्लेख अर्जातच करावा.

तोवर बिल भरायचे की नाही?

हा सर्वात कळीचा प्रश्न आहे. बिल मुळीच न भरणे धोक्याचे. पूर्ण भरून गप्प बसणे तोट्याचे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ मध्ये मधला मार्ग आहे. मागणी केलेली पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. मागील सहा महिन्यांची सरासरी ६०० रुपये असेल आणि या महिन्याचे बिल ९,००० रुपये आले असेल, तर ६०० रुपये भरून पुरवठा टिकवता येतो. ऑनलाइन पूर्ण रक्कमच स्वीकारली जात असेल, तर कार्यालयातून या रकमेचे वेगळे देयक मागावे. ‘कलम ५६ (१) नुसार निषेधासह भरणा’ हे शब्द पत्रात लिहावेत आणि पोहोच घ्यावी. पुढील महिन्यांची चालू बिलेही याच पद्धतीने भरत राहावीत.

शिवाय थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. त्यामुळे ‘आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा खासगी क्रमांकावरून आलेला संदेश फसवणुकीचाच समजावा. त्यातील लिंक उघडू नये, सांगितलेले अ‍ॅप घेऊ नये. वाढीव बिलाने आधीच घाबरलेली वृद्ध माणसे अशा संदेशांना सहज बळी पडतात.

जुनी थकबाकी किती मागे जाऊन मागता येते?

कलम ५६ (२) नुसार रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, जर ती बिलात सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल. मात्र ‘प्रथम देय’ कधी, यावर न्यायालयांत बराच खल झाला. कंपनीच्या चुकीने कमी आकारणी झाली असेल तर नंतर पुरवणी बिल काढता येते. पण त्यासाठी वीज तोडण्याचा बडगा उगारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेर वीज वितरण कंपनीच्या प्रकरणात म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये पहिल्या मागणीच्या तारखेपूर्वीच्या दोन वर्षांहून जास्त काळाची आकारणी मागता येणार नाही, असा निर्वाळा दिला होता. थोडक्यात, पाच-सात वर्षांपूर्वीची ‘फरकाची रक्कम’ अचानक आली तर ती निमूटपणे भरण्याआधी तपशील मागावा.

कार्यालयाने दाद दिली नाही तर?

पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच. कलम ४२ (५) नुसार प्रत्येक वितरण कंपनीला असा मंच स्थापावा लागतो. महाराष्ट्रात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जाता येते. वकील लावण्याची गरज नाही. मुलगा, मुलगी किंवा नातवंडे अधिकारपत्र घेऊन बाजू मांडू शकतात. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे जाता येते.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. बिल ‘अनधिकृत वापर’ (कलम १२६) किंवा ‘वीजचोरी’ (कलम १३५) म्हणून आले असेल, तर हा मंच ते ऐकत नाही. कलम १२६ च्या तात्पुरत्या आकारणीवर संबंधित अधिकाऱ्याकडेच हरकत घ्यावी लागते आणि अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत, निम्मी रक्कम भरून, अपील करावे लागते. त्यामुळे बिलावर किंवा पाहणी अहवालावर कोणते कलम लिहिले आहे, ते सहीपूर्वी वाचावे. न वाचता वृद्धांनी कोऱ्या किंवा न समजणाऱ्या कागदावर सही करू नये.

दूर राहणाऱ्या मुलांनी आज काय करावे?

पुष्कळ घरांत जोडणी अजून दिवंगत आजोबांच्या नावावर असते आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो. मग रीडिंगचा संदेश, बिल, नोटीस काहीच कोणापर्यंत पोहोचत नाही आणि तक्रारीच्या वेळी ‘तुम्ही ग्राहक नाही’ असे ऐकावे लागते. म्हणून नाव बदलून घ्यावे, स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि ग्राहक क्रमांक अ‍ॅपमध्ये जोडून ठेवावा. दर महिन्याला आई-वडिलांना मीटरचा एक फोटो पाठवायला सांगावा. सणाला गावी गेल्यावर गिझर, मोटार, वायरिंग पाहून घ्यावे. पण सर्वात आधी त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी, की बिलाबद्दल विचारणा केली म्हणून कोणी वीज तोडत नाही. ही भीती गेली तर मोठे बिल आल्यावर ते ठेव मोडण्याआधी फोन करतील.