उणे दहा कांदा

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकातील ‘दोन उत्पादने, महत्तम नफा’ हे उदाहरण निफाडच्या शेतकऱ्याला लावून पाहावे. आकडे सोयीचे घेऊ: कांदा क, द्राक्षे द; नफा = ५०क + ७०द − क² − द² − कद. शेवटचे पद विसरू नये. दोन्ही पिकांचे पाणी आणि मजूर एकच. दोन्ही आंशिक विकलज शून्य केले की क = १०, द = ३०, नफा १३००. दुसऱ्या विकलजांची कसोटीही हा महत्तमच असल्याची ग्वाही देते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावी भाव कोसळले. पन्नासाच्या जागी वीस घाला: क येतो उणे दहा! म्हणजे कांदा लावूच नये. द्राक्षे ३५, नफा १२२५. गणित निर्दोष आहे. परंतु कांदा तेव्हा शेतातून निघत होता, आणि नवी द्राक्षवेल फळावर यायला वर्षे लागतात. म्हणून हाती उरतात १०००. कारखानदार यंत्र थांबवील. लावलेले पीक कसे थांबवावे? शहरी श्रमिकाला कांदा स्वस्त मिळावा, हे आम्हांलाही मान्य आहे; पण तो भार सरकारी तिजोरीने उचलावा. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. तोवर डिसेंबरचा लाल कांदा केव्हाच विकला गेला होता.