तळ्याकाठी वडीलधाऱ्यांनाही जागा हवी

मार्गशीर्ष लागला की गोमंतकातील तळ्यांवर पाहुणे उतरू लागतात. हिमालयापलीकडून आलेली तलवार बदके, शीळ घालीत उडणाऱ्या अडया, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी आणि लव्हाळ्यांत दडणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या यांनी पाण्याचा काठ गजबजून जातो. ही शोभा पाहावयास आम्ही विद्यार्थी जातो, दूरदूरचे प्रवासी येतात, कॅमेरे गळ्यांत घातलेले हौशी येतात. एकच वर्ग तेथे सहसा दिसत नाही, आणि तो म्हणजे आपल्या घरांतील आजी-आजोबांचा. ज्यांनी ही तळी राखली त्यांनाच तळ्याचे दर्शन दुर्लभ व्हावे, ही गोष्ट मला मोठी विचित्र वाटते.

‘राखली’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. आपल्या बहुतेक पाणथळ भूमींना मनुष्याचा हात लागलेला आहे. खाजन म्हणजे मातीचे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. त्या बांधांत मानस बसविलेली असते. ओहोटीला तिच्या दारांतून आतले पाणी बाहेर जाते व भरती येताच पाण्याच्याच रेट्याने दारे मिटतात. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली रामसर यादीत समाविष्ट झाले. असा मान मिळविणारे गोव्यातील ते पहिलेच स्थळ होय. त्या सुमारे ४२ हेक्टरांच्या तळ्याचे पाणीही दारे घालूनच अडविले जाते आणि खालच्या अंगाला भातशेती पिकते. बांध फुटला तर रात्री-अपरात्री चिखलात उतरून तो बुजविणारे हात होते, म्हणून ही शेते टिकली व पाखरांचा आसराही टिकला. ते हात आज थकले आहेत.

गेल्या डिसेंबरात आम्ही काही मित्र एका तळ्यावर पक्षी पाहण्यास गेलो. माझे आजोबा बरोबर होते. तरुणपणी मानशीची दारे सांभाळण्याचे काम त्यांनी केले होते. परंतु रस्त्यापासून बांधावर उतरण्यास नुसती दगडांची उतरण होती. धरावयास कठडा नाही, पुढे अर्ध्या मैलात टेकावयास एक चिराही नाही. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आजोबा रस्त्यावर रिक्षातच बसून राहिले. आम्ही तासभर हिंडलो आणि पाखरे फारशी दिसली नाहीत म्हणून हिरमुसून परतलो. तेव्हा ते म्हणाले, “अरे, मानशीचे दार उघडलेले दिसते आहे. पाणी उतरले की पाखरे इकडे कशाला थांबतील? पलीकडच्या उथळात पाहा.” आम्ही पुन्हा गेलो, आणि खरोखरच शेकडो अडया तेथे उतरलेल्या होत्या! ज्याला तळे वाचता येत होते तो रस्त्यावर बसला होता आणि ज्यांना वाचता येत नव्हते ते बांधावर फिरत होते. नुकसान एकट्या आजोबांचे झाले असे कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांनी चिखलात कशाला जावे? घरी बसून नामस्मरण करावे, हे बरे. हा युक्तिवाद मला पटत नाही. शरीर थकले म्हणून डोळ्यांची व मनाची भूक संपत नाही. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ चा. त्यांनी आपले आत्मचरित्र १९८५ साली, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना प्रसिद्ध केले, आणि रानावनांतील भ्रमंती उतारवयातही सोडली नाही. चोडण बेटावरील अभयारण्यास त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांच्यासारखे पाय सर्वांना लाभत नाहीत हे खरे. पण मग पायांत जे उणे आहे ते वाटेने भरून काढावयास नको काय? शिवाय, ज्ञानाचाही प्रश्न आहे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या परिसरात नोकरी करीत असता तेथील ढीवरांकडून व जाणत्या माणसांकडून पाखरांची व माशांची माहिती टिपून घेतली, हे त्यांच्या वाचकांना ठाऊकच आहे. असे जाणते आपल्याही गावांत आहेत. त्यांना तळ्यापर्यंत नेले नाही, तर त्यांना ठाऊक असलेली नावे त्यांच्याबरोबरच जातील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोयी म्हटल्या की सिमेंट आले, दिवे आले, उपाहारगृहे आली. मग पाखरे कोठे राहणार? ही भीती मलाही वाटते. म्हणूनच मी सिमेंटची मागणी करीत नाही. २०१७ च्या पाणथळ भूमीविषयक नियमांनी तर अधिसूचित स्थळी पुराच्या सरासरी उच्च रेषेपासून ५० मीटरांच्या आत, धक्क्यांचा अपवाद सोडता, पक्के बांधकाम करण्यास मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु वृद्धांना जे हवे आहे ते त्या मनाईच्या आड येत नाही. पावसाळा सरताच बांधावरची वाट मुरूम घालून व चोपून सपाट करावी. तिची रुंदी दीड मीटर असली तर चाकाची खुर्चीही वळू शकते. उतरणीला पायऱ्यांऐवजी सौम्य उतार द्यावा: बारा हात लांबीला एक हात चढ, याहून अधिक नको. एका बाजूस बांबूचा कठडा असावा. शंभर-शंभर पावलांवर सावलीत, पाठ टेकता येईल असे एक लाकडी बाक ठेवावे. जेथे चिखलच आहे तेथे उचलून नेता येईल असा फळ्यांचा मार्ग घालावा आणि फळ्यांवर जाळी ठोकावी, म्हणजे शेवाळावरून पाय घसरणार नाही. एस्टोनियातील विरूच्या दलदलीत अशा फळ्यांच्या वाटेचा काही भाग चाकाच्या खुर्चीलाही मोकळा केलेला आहे. शौचालय मात्र तळ्यापासून दूर, रस्त्यालगत असावे. ते नसेल तर कित्येक वृद्ध स्त्रिया घराबाहेरच पडत नाहीत, हे आपण संकोचाने बोलत नाही इतकेच.

आणि पाखरांना खरा उपद्रव कोणाचा होतो? धावणाऱ्यांचा, ओरडणाऱ्यांचा, छायाचित्रासाठी लव्हाळ्यांत घुसणाऱ्यांचा. म्हणजे बहुधा आमचाच! बाकावर शांतपणे तासभर बसणारी आजी कोणत्याही बदकास उडवून लावीत नाही. मंद चालणे व स्तब्ध बसणे हे पक्षिनिरीक्षकाचे पहिले गुण आहेत, आणि वार्धक्य ते न शिकविता देते.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना सार्वजनिक स्थळी सुगम प्रवेशाचा हक्क दिला आहे. दुखऱ्या गुडघ्यांचे माणूस त्या कायद्याच्या व्याख्येत बसो वा न बसो, एकासाठी केलेला उतार दोघांच्याही उपयोगी पडतो. शासनाने, पंचायतीने व कोमुनिदादीने हे काम हाती घ्यावे, हे तर झालेच. परंतु सर्व भार त्यांच्यावर टाकून आपण मोकळे होणे बरे नव्हे. आपल्या शाळेने एक तळे निवडावे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस श्रमदान करून वाट साफ करावी, एक बाक बसवावे, आणि पुढल्या पक्षिगणनेस प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका वडीलधाऱ्या माणसास बरोबर आणावे. त्यांनी ओळखावे, आपण लिहावे.

माझे आजोबा अद्याप विचारतात, “यंदा पाणी केव्हा सोडले?” मी जे सांगतो ते ऐकीव असते. पुढल्या मार्गशीर्षात त्यांनी ते स्वतः बांधावर बसून पाहावे, एवढीच माझी इच्छा आहे. आणि त्यासाठी एक उतार, एक कठडा व एक बाक एवढेच पुरे आहे.