टायमर वाढवू नका, आधी टोक उघडा

एप्रिल लागला की आमच्या नाशिकच्या कॉलनीत गच्च्यांवरची ठिबक बिघडल्याच्या तक्रारी सुरू होतात. मोगरा सुकतो, कडेचा कढीपत्ता माना टाकतो. घरचे लोक पहिला उपाय करतात तो टायमरची वेळ दुप्पट करण्याचा. मग टाकीजवळच्या कुंड्यांत चिखल होतो, तिथली मुळं कुजतात आणि शेवटची कुंडी कोरडी ती कोरडीच. झाडंही जातात आणि ऐन उन्हाळ्यात पाणीही वाया जातं, म्हणून ही सवय मला फार खटकते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. तिथे लॅटरलची, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची, टोकं सोडून त्या धुणं हे फवारणीइतकंच ठरलेलं काम. शहरात मात्र ठिबक एकदा बसवली की तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. नळीचं दुमडलेलं टोक सोडून बघा. आधी तपकिरी गढूळ पाणी येतं, मग शेवाळाचे हिरवट तुकडे, तळाशी बसलेली चुन्याची कणी, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ धार. हे सगळं ड्रिपरच्या केसाएवढ्या वाटेतून जायला बघत होतं!

त्यानंतर मोजमाप. प्रत्येक ड्रिपरखाली एक मिनिट मापाचं भांडं धरा. ताशी चार लिटरचा ड्रिपर मिनिटाला सुमारे ६७ मिलि पाणी देतो, पण तो एक किलो दाबावर, म्हणजे पाण्याची उंची दहा मीटर असताना. आपली टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दोन मीटर वर असते. तेवढ्या दाबावर साध्या ड्रिपरमधून तीसेक मिलिच येणार, आणि तो बिघाड नव्हे. दाब सांभाळणारे पीसी ड्रिपर तर एवढ्या कमी दाबावर धड चालतच नाहीत. दुकानदार ते ‘भारीतले’ म्हणून गळ्यात मारतात, ते घेऊ नका.

बघायचा तो कुंडी-कुंडीच्या पाण्यातला फरक. सगळीकडेच नेहमीपेक्षा कमी पाणी येत असेल तर फिल्टर तुंबलाय. पुढे पुढे कमी होत गेलं तर नळी लांब पडलीय, ड्रिपर जास्त झालेत किंवा मध्येच कुठे गळतंय. खारी आणि उंदीर नळी कुरतडतात, तिथे बोट फिरवून बघा. मधलीच एखादी कुंडी कोरडी असेल तर तिचा ड्रिपर चोक झालाय.

चोक झालेला ड्रिपर सुईने टोचू नका. भोक मोठं होतं आणि ती कुंडी शेजारणीचं पाणी पिऊन टाकते. उघडणारा ड्रिपर असेल तर तो सोडवून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर सुटून येतो. शेतात यासाठी आम्ल सोडतात, पण ते सवयीच्या हातांचं काम; पोरं खेळतात त्या गच्चीवर ते आणू नये.

विक्रेत्यांनाही सांगणं आहे. जाळीचा फिल्टर न देता घरगुती ठिबकचा संच विकणं मला चुकीचं वाटतं. एकूण खर्चात फिल्टरची किंमत ती काय! नळी काळीच द्या. पारदर्शक नळीत ऊन शिरतं आणि शेवाळ धरतं. आणि बसवायला येणाऱ्या मुलाने टायमर कसा लावायचा हे दाखवण्याआधी टोक कसं सोडायचं ते घरच्यांच्या हातून करून घ्यावं.

सध्या टँकर सुरू झालेत. टँकर रिता झाला की टाकीत तळाचा गाळ ढवळतो, तेव्हा त्या दिवशी ठिबक बंदच ठेवा. गाळ बसू द्या आणि दुसऱ्या दिवशी फिल्टरची जाळी धुऊन मगच पाणी सोडा.