गिरणी कामगारांच्या घरांची सोडत: नशीब किती, गणित किती?

‘इतक्या वेळा नंबर हुकला, आता तरी लागणारच!’ लालबाग-परळमधल्या गिरणी कामगारांच्या घरांत हा दिलासा वर्षानुवर्षं दिला जातो. गणिताला तो मान्य आहे का? पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, तर उत्तर कुणालाही तपासता येतं.

आकडे काय आहेत?

घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. 2012 ते 2020 या काळात म्हाडाच्या सोडतींमधून 15,870 घरं निघाली. शेवटच्या, म्हणजे मार्च 2020 च्या सोडतीत बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची 3,894 घरं होती.

प्रोग्रॅम काय करतो?

1 ते 1,75,000 क्रमांकांची यादी करायची. त्यातून 15,870 क्रमांक चिठ्ठ्यांसारखे उचलायचे आणि आपला एक क्रमांक आला का, ते पाहायचं. हीच सोडत हजार वेळा काढली, तर तो क्रमांक कधी 80, कधी 100 वेळा लागतो. दहा हजार वेळा काढली, की प्रमाण 9 टक्क्यांजवळ स्थिरावतं. संभाव्यता म्हणजे हेच: एका सोडतीचा अंदाज नाही, अनेक सोडतींमधलं प्रमाण.

मग ‘आता लागणारच’ याचं काय?

संगणकाला मागच्या सोडती आठवत नाहीत. घर मिळालेले यादीतून बाहेर पडतात, तेवढाच फरक. 3,894 घरांच्या सोडतीत मूळ यादीतल्या प्रत्येकाची शक्यता 2.2 टक्के होती. उरलेल्यांची ती जेमतेम 2.4 टक्के होते. याच वेगाने सगळ्यांना घर मिळायला आणखी 41 सोडती लागतील.

या हिशेबात काय सुटतं?

इथे सगळे अर्ज पात्र आणि एकाच यादीत धरले आहेत. प्रत्यक्षात छाननीत काही बाद होतात, शिवाय कोणती घरं कोणत्या गिरणीच्या कामगारांसाठी, यावरही गणित बदलतं. घर कुठे, हा प्रश्न तर वेगळाच. मुंबईबाहेर शेलू-वांगणीत घरं देण्याच्या योजनेला विरोध करत 9 जुलै 2025 रोजी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात उतरले होते.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीकडे झुकला आहे. प्रोग्रॅममध्ये नशीब बदलणारी ओळ नाही. शक्यता खऱ्या अर्थाने वाढवणारा आकडा एकच आहे, घरांची संख्या, आणि तो सरकारच्या हातात आहे.