साधेपणा हवा, हिशेबही हवा

समाजवादी कार्यकर्त्याचे एक चित्र महाराष्ट्राच्या मनात ठरून गेले आहे. खादीचा सदरा, खांद्याला शबनम पिशवी, एस.टी.चा प्रवास आणि मुक्कामाला सहकाऱ्याचे घर. या चित्राचा आम्हांला अभिमान आहे. सत्तेभोवती संपत्तीचे ओंगळ प्रदर्शन चाललेले असताना तो वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु या अभिमानाच्या आडोशाने पैशाविषयीची एक तुच्छताही आपल्यात मुरली आहे आणि तिने चळवळीचे नुकसान केले आहे, हे आता स्पष्ट बोलले पाहिजे.

पैशाची हाव वेगळी, पैशाची कदर वेगळी. हमालाने दिलेल्या दहा रुपयांच्या वर्गणीत त्याच्या पाठीवरच्या पोत्याचे वजन असते. ती वर्गणी घेऊन पावती न फाडणारा कार्यकर्ता स्वतः कितीही साधा राहत असो, त्या श्रमाचा तो अवमानच करतो. १८९४ साली नाताळमधील हिंदी लोकांनी गांधीजींना तेथेच राहण्याचा आग्रह केला, तेव्हा सार्वजनिक कामासाठी वेतन घेण्यास त्यांनी नकार दिला. पण घरखर्चास वर्षाला तीनशे पौंड लागतील, हे सांगताना ते संकोचले नाहीत. त्यासाठी त्यांनी वकिलीचे काम मागितले आणि सुमारे वीस व्यापाऱ्यांनी ते वर्षभरासाठी दिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसच्या पै-पैचा हिशेब त्यांनी ठेवला. त्यांचा साधेपणा पुढे वाढत गेला. हिशेब मात्र पहिल्यापासून चोख होता.

काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हमालाला उधळ्या म्हणणे सोपे होते. पण ज्याची उद्याची मजुरीच अनिश्चित, त्याने बचत करावी कशातून? १९६९च्या माथाडी कायद्याने मंडळामार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधीची तरतूद केली, तेव्हा त्याच्या हाती शिल्लक टाकण्याजोगे काही आले. काटकसरीला आधी मिळकतीची शाश्वती लागते. जे आपण हमालासाठी हक्काने मागितले, ते पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरासाठी मागण्याची लाज का वाटावी?

येथेच आमच्या साधेपणाचे दुखणे आहे. कार्यकर्ता त्यागी म्हणून गौरवला जातो. घर मात्र पत्नीच्या शाळेतील पगारावर किंवा शिलाई यंत्रावर चालते. मुलीची फी, सासऱ्यांचे औषधपाणी, घरी आलेल्या दहा पाहुण्यांची पिठले-भाकरी हा सारा हिशेब तिचा. या त्यागाबद्दल तिला कोणी विचारलेले नसते. घरातील कर्जखते इंद्रायणीत बुडविण्यापूर्वी तुकोबांनी धाकट्या भावाचा अर्धा वाटा वेगळा काढून दिला, अशी आख्यायिका आहे. बुडविण्याचा अधिकार आपल्या वाट्यापुरता असतो. बिनमोल श्रमाविरुद्ध ठराव करणाऱ्या पक्षाला आपल्याच घरातले बिनमोल श्रम दिसू नयेत, हे शोभणारे नाही.

या प्रश्नाची जाण महाराष्ट्रात कोणाला झालीच नाही, असे नाही. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यास हातभार लावला आणि कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची वाट घालून दिली. ती भीक नव्हती. समाजाने मान्य केलेले देणे होते. आजही कार्यकर्ता इस्पितळात पोचल्यावरच झोळी फिरते. ही वेळ येण्याआधीच व्यवस्था हवी.

हा केवळ घरगुती प्रश्नही नाही. २०१८ ते २०२४ या काळात निवडणूक रोख्यांतून पक्षांकडे निनावी पैसा वाहिला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. दहा हजार माणसांकडे दहा-दहा रुपये मागण्यास जो पक्ष संकोचतो, त्याला कधी तरी एकाच्याच दारात उभे राहावे लागते.

म्हणून प्रत्येक तालुका शाखेने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी. वर्षाचा जमाखर्च जाहीर सभेत वाचून दाखवावा. आणि मंडप व फलकांवर खर्च करण्यापूर्वी पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन बाजूला काढावे. ते किती असावे, हे ठरविताना त्याच्या घरच्यांनाही बैठकीस बोलवावे. साधेपणा आपण सोडायचा नाही. त्याची किंमत मात्र ज्याची त्यानेच मोजली पाहिजे.