एक गुंठा घरच्या भाजीला



घराच्या चारी बाजूंना ऊस आणि चुलीवर भाजी मात्र बाजारची, हे आम्हांला गटागटांतून फिरताना नेहमी दिसते. शिवरात्र झाली, थंडी सरली. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका लावायची हीच वेळ. आमचे स्पष्ट मत असे, की तोड झालेल्या फडात खोडवा राखण्याआधी घराजवळचा एक गुंठा प्रत्येकाने परसबागेला सोडावा.

यावर पहिला सवाल येतो, "साहेब, गुंठ्यातला ऊस जातोय की!" हिशेब करू. एकरी ४० टन ऊस धरला तर गुंठ्याला एक टन. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. वर्षाच्या ३६५ दिवसांवर वाटा, रोजचे दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. दहा रुपयांत पाच माणसांची भाजी होते का, ते घरच्या कारभारणीलाच विचारा.

दुसरी गोष्ट टिलरची. हल्ली छोटा टिलर भाड्याने मिळतो आणि आला की सरळ फिरवायची घाई होते. हरळीच्या जागेत असे केले, तर पात्यांनी तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. आधी कुदळीने खणून हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचा. मग वापशावर टिलर एकदाच फिरवा. ओल्या काळ्या रानात घातलात तर ढेकळेच हाती येतील.

गादीवाफे तीन फूट रुंद, अर्धा फूट उंच करावेत, मध्ये दीड फूट वाट ठेवावी. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफ्यावर पाय पडत नाही, माती भुसभुशीत राहते. मग दरसाल टिलर कशाला? मुरमाड रानात मात्र उंच वाफा उन्हाळ्यात लवकर सुकतो. तिथे आता सपाट वाफे करावेत, गादी पावसाळ्याच्या तोंडावर. शेणखत किंवा प्रेसमडचे कंपोस्ट पुरते कुजलेलेच घालावे. पाचट पेटवू नका. रोपे वर आली की वाफ्यावर अंथरा, पाणी वाचते.

एक इशारा. उसात मारलेले २,४-डी वाऱ्याने आले, तर भेंडी, टोमॅटो, वेलभाज्या यांची पाने आकसतात, झाड वाया जाते. वारा असताना फवारू नका, आणि तणनाशकाचा पंप भाजीला कदापि वापरू नका.

शेवटी मुद्द्याचे. परसबाग राबते बाईमाणूस, पण जागा ठरवतो पुरुष. मग बांधाकडेचा खडकाळ तुकडा तिच्या वाट्याला येतो आणि बाग होत नाही असा बोभाटा होतो. उसाचे पैसे हप्त्याने येतात, भाजी रोज लागते. तेव्हा पाण्याजवळची, कसदार जागा द्या आणि ती कुठली हे तिलाच ठरवू द्या, एवढीच आमची विनंती.